कुलगुरूंची निवड : अधिकार, पात्रता आणि प्रक्रिया यांचा आढावा

मे २०२२ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत संपली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही वयोमर्यादेमुळे पायउतार झाले. दोन्ही विद्यापीठांना पूर्णवेळ कुलगुरू मिळाले ते जून २०२३ मध्ये. दरम्यान मुंबईचा कार्यभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंनी सांभाळला, तर पुण्याचा लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी. म्हणजे एका माणसाच्या खांद्यावर दोन विद्यापीठे होती आणि त्यांतले एक आठशेंहून अधिक संलग्न महाविद्यालयांचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीची तयारी याच महिन्यांत करायची होती.

हा उशीर कोणा एकाच्या हलगर्जीपणामुळे झाला असे म्हणता येत नाही. कुलगुरू कोणी नेमावा, कोणत्या नियमाने नेमावा आणि कोण या पदाला पात्र समजावा, हे तिन्ही प्रश्न त्या काळात एकाच वेळी वादात होते. त्यांतले काही सुटले, काही अजून न्यायालयांत, विधिमंडळांत आणि विद्यापीठांच्या आवारांत चर्चिले जात आहेत. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे डोळ्यांसमोर ठेवून, आणि जेथे गरज तेथे इतर राज्यांकडे पाहून, या चर्चेची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे मंडळ होते. शिकवण्याचे काम महाविद्यालये करीत. प्रांताचा गव्हर्नर कुलपती आणि सरकारने नेमलेले कोणी प्रतिष्ठित गृहस्थ कुलगुरू, अशी रचना होती. कुलगुरूपद मानाचे होते, पूर्णवेळ नोकरीचे नव्हते. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि त्यांच्यामागून रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. एक न्यायाधीश, दुसरा प्राच्यविद्येचा पंडित. आपापला व्यवसाय सांभाळून विद्यापीठाचे काम पाहता येईल एवढाच त्याचा तेव्हा पसारा होता.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. विद्यापीठे स्वतः शिकवू लागली, संशोधन करू लागली आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांची संख्या वाढत गेली. त्यामुळे कुलगुरूपद पूर्णवेळ आणि पगारी असावे हा विचार रुजला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तो स्पष्ट शब्दांत मांडला. मुदत पाच वर्षांची असावी, एकाच विद्यापीठात दोनपेक्षा जास्त मुदती मिळू नयेत आणि निवृत्तीचे वय सर्वसाधारणपणे ६५ असावे, असेही त्याने सुचवले. काही विद्यापीठांत कुलगुरू निवडणुकीने येत. मतांच्या बेरजेवर शैक्षणिक नेतृत्व ठरावे हे आयोगांना मान्य नव्हते. त्याऐवजी छोट्या समितीने काही नावे सुचवावीत आणि कुलपतींनी त्यांतले एक निवडावे, या पद्धतीने हळूहळू देशभर जम बसवला.

महाराष्ट्रात १९७४ साली प्रत्येक विद्यापीठासाठी स्वतंत्र कायदे झाले. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियमाने अकृषी विद्यापीठांना एका छत्राखाली आणले. पुढे डॉ. अरुण निगवेकर, डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी विद्यापीठांच्या पुनर्रचनेचा विचार केला. त्यानंतर आलेला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. कुलगुरूंच्या निवडीचा आजचा पाया हाच कायदा आहे. कृषी आणि आरोग्य विद्यापीठांचे कायदे वेगळे आहेत, त्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

आजची कार्यपद्धती

२०१६ च्या कायद्याने मुळात तीन सदस्यांची शोध समिती ठरवली होती. कुलपतींनी नेमलेला सदस्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश, उच्च न्यायालयाचा निवृत्त मुख्य न्यायाधीश किंवा पद्म पुरस्काराने गौरवलेला राष्ट्रीय ख्यातीचा शास्त्रज्ञ अशा दर्जाचा असावा. दुसरा सदस्य राज्य सरकारचा, प्रधान सचिव किंवा त्या दर्जाचा अधिकारी. तिसरा आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था, इस्रो यांसारख्या संस्थेचा प्रमुख, आणि त्याचे नाव विद्यापीठाची व्यवस्थापन परिषद व विद्या परिषद यांनी मिळून ठरवायचे. समितीतील कोणाचाही त्या विद्यापीठाशी वा त्याच्या महाविद्यालयांशी संबंध नसावा, ही अट आहे. २०२३ मध्ये या रचनेत बदल करून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्रतिनिधीला समितीत जागा देण्यात आली.

समिती जाहिरात देते, आलेल्या अर्जांची छाननी करते, निवडक उमेदवारांना बोलावते आणि नावांची यादी कुलपतींकडे धाडते. कुलपती, म्हणजे राज्यपाल, त्यांतून एकाची नियुक्ती करतात. यादी पसंत न पडल्यास नवी मागवण्याचा अधिकार त्यांना आहे. पद रिकामे होण्याच्या किमान सहा महिने आधी ही प्रक्रिया सुरू व्हावी असे कायदा सांगतो. मुदत पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, जे आधी येईल ते. त्याच पदावर पुन्हा नियुक्ती नाही.

कागदावर ही व्यवस्था तोलून रचलेली दिसते. राजभवन, मंत्रालय, विद्यापीठ आणि आता अनुदान आयोग, प्रत्येकाला वाटा आहे आणि कोणालाच पूर्ण मुभा नाही. वाद या वाट्यांच्या प्रमाणावरून सुरू होतो.

पहिला प्रश्न : अंतिम शब्द कोणाचा?

राज्यपाल इतर बाबतींत मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. कुलपती म्हणून मात्र त्यांचा अधिकार विद्यापीठाच्या कायद्यातून येतो आणि तो त्यांनी स्वतःच्या विवेकाने वापरायचा असतो, अशी न्यायालयांची भूमिका राहिली आहे. केरळातील कन्नूर विद्यापीठाच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलगुरूंची फेरनियुक्ती रद्द केली. कुलपतींनी राज्य सरकारच्या दबावाखाली आपला विवेक बाजूला ठेवला, हे त्यामागचे कारण होते.

या व्यवस्थेच्या बाजूने असे सांगितले जाते की विद्यापीठ हे दैनंदिन राजकारणापासून दूर राहायला हवे. शिक्षणमंत्र्यांच्या सहीने कुलगुरू नेमले गेले, तर प्राध्यापक भरतीपासून महाविद्यालयांच्या मान्यतेपर्यंत प्रत्येक निर्णयावर पक्षाची छाया पडेल. घटनात्मक पदावरची व्यक्ती मध्ये असली की निदान एक आडोसा राहतो.

दुसरी बाजूही तितकीच गांभीर्याने मांडली जाते. राज्यपाल केंद्राकडून नेमले जातात आणि विधानसभेला उत्तरदायी नसतात. विद्यापीठांचे वेतन, इमारती, शिष्यवृत्त्या यांचा मोठा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो आणि निकाल लांबले की जाब लोकनियुक्त सरकारलाच द्यावा लागतो. मग नियुक्तीत त्याचा शब्द इतका क्षीण का? केंद्र-राज्य संबंधांवरील पुंछी आयोगानेही २०१० च्या अहवालात राज्यपालांवर कुलपतीपदासारख्या वैधानिक जबाबदाऱ्या टाकू नयेत असे सुचवले होते, कारण त्यामुळे राज्यपालपदच वादात ओढले जाते.

महाराष्ट्रात हा प्रश्न डिसेंबर २०२१ मध्ये ऐरणीवर आला. डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कायद्यातील बदलांचा विचार केल्यानंतर विधिमंडळाने सुधारणा विधेयक संमत केले. शोध समितीने नावे राज्य सरकारला द्यावीत, सरकारने त्यांतली दोन कुलपतींकडे पाठवावीत आणि कुलपतींनी तीस दिवसांत त्यांतले एक निवडावे, अशी ती तरतूद होती. उच्च शिक्षणमंत्र्यांसाठी प्र-कुलपती हे पदही त्यात होते. समर्थकांना हा जबाबदारी आणि अधिकार यांचा मेळ वाटला. विरोधकांना त्यात विद्यापीठाच्या स्वायत्ततेवर घाला दिसला. विधेयकाला राज्यपालांची संमती मिळाली नाही आणि २०२२ मध्ये सत्ताबदल झाल्यावर नव्या सरकारने ते मागे घेतले.

हा वाद एकट्या महाराष्ट्राचा नाही. तमिळनाडू, केरळ आणि पश्चिम बंगाल यांच्या विधानसभांनी त्याच काळात कुलपतींचे अधिकार कमी करणारी किंवा राज्यपालांना कुलपतीपदावरून दूर करणारी विधेयके संमत केली. पश्चिम बंगालमध्ये सरकार आणि राजभवन यांचे इतके फिसकटले की जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्याकडे निवड समित्यांचे काम सोपवले. दोन घटनात्मक पदांमधला तिढा सोडवायला न्यायालयाने माजी न्यायाधीश नेमावा लागणे, यावरून हा प्रश्न किती चिघळला आहे हे लक्षात येते.

दुसरा प्रश्न : राज्याचा कायदा की आयोगाचा नियम?

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय मात्र आधीपासून केंद्राच्या सूचीत आहे आणि त्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोग नियम करतो. २०१० च्या आणि नंतर २०१८ च्या नियमावलीत कुलगुरूंची पात्रता व निवड समितीची रचना यांविषयी तरतुदी आल्या. राज्याचा कायदा एक सांगतो आणि आयोगाचा नियम दुसरे, तेव्हा कोणते मानायचे?

न्यायालयांची उत्तरे या बाबतीत एकसारखी राहिलेली नाहीत. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुरेश पाटीलखेडे यांच्या याचिकेवर निकाल देताना आयोगाच्या या तरतुदी राज्य विद्यापीठांवर बंधनकारक नसल्याचे मत दिले. २०१५ मध्ये मदुराई कामराज विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही राज्याने स्वीकारल्याशिवाय हे नियम मार्गदर्शक ठरतात अशी भूमिका घेतली. वारा फिरला तो मार्च २०२२ मध्ये. गुजरातेतील सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नियुक्ती रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे नियम राज्याच्या विसंगत कायद्यावर मात करतात असे ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केरळच्या एपीजे अब्दुल कलाम तंत्रशास्त्र विद्यापीठातली नियुक्ती रद्द झाली, कारण समितीने यादीऐवजी एकच नाव पाठवले होते. नोव्हेंबरात उत्तराखंडातील अल्मोड्याच्या विद्यापीठाचीही तीच गत झाली.

महाराष्ट्रातील २०२२-२३ चा खोळंबा या निकालांच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. आयोगाचा प्रतिनिधी नसलेल्या जुन्या रचनेच्या समितीने सुचवलेला कुलगुरू उद्या न्यायालयात टिकला नसता. म्हणून आधी कायदा बदलणे, मग समिती बसवणे, मग निवड, असा क्रम आला आणि महिने उलटत गेले.

आयोगाच्या नियमांचे समर्थक म्हणतात की पदवी देशभर चालते, तर ती देणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाचा किमान दर्जाही देशभर समान असावा. राज्यांचे म्हणणे असे की विधानसभेने केलेला कायदा आयोगाच्या अधिसूचनेपुढे गौण ठरावा हे संघराज्याच्या तत्त्वाशी जुळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यातल्या शोध समितीत कुलपती, आयोग आणि विद्यापीठाचे सर्वोच्च मंडळ यांचे प्रत्येकी एक असे तीनच सदस्य होते आणि राज्य सरकारचा प्रतिनिधी नव्हता. केरळ आणि तमिळनाडू यांच्या विधानसभांनी त्याविरुद्ध ठराव केले.

तिसरा प्रश्न : पात्र कोण?

२०१८ च्या नियमांनुसार कुलगुरूपदासाठी प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेतील दहा वर्षांचा अनुभव आणि शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा लागतो. २०२५ च्या मसुद्यात उद्योग, लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरण या क्षेत्रांतील वरिष्ठ व्यक्तींनाही दार उघडण्याची सूचना होती.

महाराष्ट्राचा इतिहास या मुद्द्यावर दोन्ही बाजूंना आधार देतो. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर हे वकील आणि राजकारणी होते. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेले पी. बी. गजेंद्रगडकर १९६६ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि विद्यापीठांच्या कारभाराविषयी आयोगाने नेमलेल्या समितीचे अध्यक्षही राहिले. २००६ मध्ये पुण्याला आलेले डॉ. नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेतले अर्थतज्ज्ञ होते. प्राध्यापकीच्या वर्षांचा निकष काटेकोर लावला असता यांतल्या काहींना ही संधीच मिळाली नसती. दुसरीकडे कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची उभारणी करणारे आप्पासाहेब पवार आणि मुक्त विद्यापीठाची घडी बसवणारे राम ताकवले हे शिक्षणक्षेत्रातूनच आले होते.

बाहेरच्या माणसांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की आजचा कुलगुरू हा अंदाजपत्रक, भरती, बांधकाम, संगणकीय परीक्षा आणि खटले यांचा कारभारी आहे आणि ते कौशल्य वर्गात मिळत नाही. याला विरोध करणारे सांगतात की विद्या परिषदेत अभ्यासक्रमावर, संशोधनाच्या दर्जावर, प्राध्यापकाच्या निवडीवर शेवटचा कौल देणाऱ्याने स्वतः ते आयुष्य जगलेले असावे. कारभारासाठी कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी, परीक्षा संचालक ही पदे आहेत. मराठवाडा विद्यापीठाशी संबंधित एका खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने कुलगुरूला विद्यापीठाच्या सदसद्विवेकाचा राखणदार म्हटले होते. हे काम निव्वळ व्यवस्थापनाच्या अनुभवावर पेलेल का, ही शंका रास्त आहे.

याच प्रश्नाला जोडून प्रतिनिधित्वाचा मुद्दा येतो. कुलगुरूपद एकाकी असल्याने त्याला आरक्षण लागू होत नाही. त्यामुळे महिला, अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि ग्रामीण महाविद्यालयांतून आलेले अध्यापक यांचा विचार समितीच्या जाणिवेवर अवलंबून राहतो. डॉ. मेहरू बंगाली आणि डॉ. स्नेहलता देशमुख यांनी मुंबई विद्यापीठाचे नेतृत्व केले याला आता बरीच वर्षे लोटली.

चौथा प्रश्न : निवड किती उघड असावी?

सध्या समितीपुढे कोण आले, कोणी काय मांडले, अंतिम यादीतल्या नावांचा क्रम कशावरून लागला, हे विद्यापीठातल्या लोकांना अधिकृतपणे कळत नाही. नावे वर्तमानपत्रांतून बाहेर येतात आणि त्यांच्यासोबत अफवाही येतात. अमेरिकेतील काही राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांत अंतिम फेरीतले उमेदवार आवारात येऊन प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यासमोर आपली भूमिका मांडतात. फ्लोरिडा राज्याने मात्र २०२२ मध्ये कायदा करून निवडीचे सुरुवातीचे टप्पे गोपनीय केले. तेथेही मतभेद कायम आहेत.

उघडपणाच्या बाजूचा मुद्दा असा की पाच वर्षे ज्यांना या निर्णयासह जगायचे त्यांना निदान उमेदवाराचे विचार ऐकता यावेत. गोपनीयतेच्या बाजूचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. एखाद्या राष्ट्रीय संस्थेत कार्यरत असलेली व्यक्ती नाव जाहीर होऊन निवड न झाल्यास अवघडते, म्हणून अर्जच करीत नाही. परिणामी ज्यांना गमावण्यासारखे काही नाही अशांचीच गर्दी होते. मधला मार्ग म्हणून केवळ अंतिम यादी जाहीर करावी आणि प्रत्येकाचे आराखडा-निवेदन विद्यापीठासमोर ठेवावे, ही सूचना विचार करण्याजोगी आहे.

पाचवा प्रश्न : आधीची तयारी आणि नंतरचे उत्तरदायित्व

या सर्व चर्चेत दोन टोके कमी उजेडात राहतात. पहिले टोक निवडीच्या आधीचे. २०१६ च्या कायद्यानुसार प्र-कुलगुरू आणि अधिष्ठाते यांची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी बांधलेली आहे. कुलगुरू गेले की नेतृत्वाची अख्खी फळी एकदम जाते आणि प्रभारी माणसाला नव्या प्रभारी माणसांसह काम करावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये नेतृत्वाची पदे रिकामी राहू नयेत, जुन्या आणि नव्या प्रमुखांनी काही काळ एकत्र काम करावे आणि भावी नेतृत्व लवकर ओळखून घडवावे, असे म्हटले आहे. विभागप्रमुख ते अधिष्ठाता ते कुलगुरू या प्रवासासाठी नियोजनपूर्वक प्रशिक्षण देणारी व्यवस्था राज्यात अजून रुजलेली नाही.

दुसरे टोक नियुक्तीनंतरचे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी घाईने आणली. निकाल महिनोन्महिने लांबले, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडले आणि त्या वर्षी ऑक्टोबरात कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. कायद्यात निवडीचे आणि बडतर्फीचे कलम आहे. या दोन्हींच्या मध्ये, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, निवडीच्या वेळी दिलेल्या आराखड्याचे काय झाले हे शांतपणे तपासणारी पद्धत असती तर अशी टोकाची वेळ येण्याआधी सुधारणेला वाव मिळाला असता.

न्यायालयीन वादांचा वेगही येथे लक्षात घ्यायला हवा. मुंबई विद्यापीठातील २०१० च्या नियुक्तीसंबंधी पात्रतेच्या छाननीवरचा उच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर २०१४ मध्ये आला. तोवर पाच वर्षांच्या मुदतीतली चार वर्षे उलटली होती. पात्रतेचा वाद नियुक्तीआधीच मिटवण्याची सोय नसेल, तर निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी हरते ते विद्यापीठ.

काय ठरले, काय उरले

इतक्या वर्षांच्या चर्चेनंतर काही गोष्टींवर बऱ्यापैकी एकमत झाले आहे. कुलगुरूपद पूर्णवेळ असावे, निवड विद्यापीठाबाहेरच्या समितीने सुचवलेल्या अनेक नावांतून व्हावी, समितीतल्या कोणाचे हितसंबंध त्या विद्यापीठात नसावेत, आणि कुलपतींनी निर्णय स्वतःच्या विवेकाने घ्यावा. २०२२ नंतरच्या निकालांनी आयोगाच्या नियमांचे पारडेही जड केले आहे.

राज्य सरकारचा वाटा किती असावा आणि राज्यपालांनीच कुलपती राहावे का, हे प्रश्न मात्र खुले आहेत. ते अखेरीस संसद, विधिमंडळे आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यातच ठरतील. प्राध्यापकेतर व्यक्तींना दार किती उघडावे यावर मतभेद प्रामाणिक आहेत आणि दोन्ही बाजूंना मोठी नावे साक्षीला आहेत.

पण विद्यापीठाच्या दृष्टीने जे सर्वांत तातडीचे आहे त्यातले बरेचसे या वादांच्या निकालावर अवलंबून नाही. सहा महिने आधी प्रक्रिया सुरू करण्याची अट कायद्यात आहेच, ती पाळावी आणि न पाळल्यास कारणे जाहीर करावीत. समिती बसण्याआधी व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद यांनी पुढच्या पाच वर्षांत विद्यापीठाला नेमके काय साधायचे आहे ते लिहून द्यावे, म्हणजे समिती त्या कामाला योग्य माणूस शोधेल. पात्रतेची कागदपत्रे नियुक्तीपूर्वीच तपासून तो अहवाल खुला करावा. अधिष्ठात्यांच्या मुदती टप्प्याटप्प्याने संपाव्यात. मधल्या वर्षी कामाचा आढावा घ्यावा. राजभवनात कोण आहे आणि मंत्रालयात कोण, याच्याशी यांतल्या एकाही गोष्टीचा संबंध नाही.

गडचिरोलीच्या किंवा नांदेडच्या महाविद्यालयात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला नियुक्तिपत्रावर कोणाची सही आहे याने फारसा फरक पडत नाही. तिचा निकाल वेळेवर लागावा, अभ्यासक्रम काळाशी सुसंगत असावा आणि रिकाम्या पदांवर शिक्षक यावेत, यावर तिचे भवितव्य ठरते. निवडीची कोणतीही पद्धत शेवटी याच कसोटीवर पारखली गेली पाहिजे.